पावसात अडखळणारी जुनी एमजीबी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. गाडी 1966 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे इंजिन आणि रंगकाम पूर्ण झाले, त्याच वेळी बॅटरीचे अर्थिंग (बॅटरीचे जे टोक गाडीच्या बॉडीला जोडतात ते) पॉझिटिव्हचे निगेटिव्ह करून घेतले, आणि बडोद्याचा उन्हाळा सोसवावा म्हणून पट्ट्यावरच्या मूळ पंख्याखेरीज रेडिएटरपुढे एक इलेक्ट्रिक पंखा बसवला. कोरड्या हवेत गाडीची काही तक्रार नाही. पाऊस लागला की दहा-पंधरा मिनिटांत आयडलिंग डगमगते, अकोटा-दांडिया बाजार पुलाच्या चढावर ती मिसिंग मारते, सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. आणि परवा अलकापुरीच्या गरनाळ्यातल्या (रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यावरच्या) पाण्यातून बाहेर आल्यावर ती जी थांबली, ती बॉनेट उघडे ठेवून अर्धा तास गेल्यावर पहिल्याच सेल्फला सुरू झाली. प्लग, डेल्कोचे (चारही प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) झाकण आणि कॉइल (बॅटरीचा दाब स्पार्कपुरता वाढवणारी) नवीन टाकून झाली आहे, कार्ब्युरेटर दोनदा खोलले गेले आहेत, आणि आता मिस्त्री ते तिसऱ्यांदा खोलायचे म्हणत आहेत.

कार्ब्युरेटर खोलू देऊ नका. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला असल्यामुळे दोन्ही कार्ब्युरेटर (एसयू या बनावटीचे) तापलेल्या एक्झॉस्टच्या वरच बसलेले असतात, त्यामुळे थंड प्रदेशात दमट हवेने कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरण्याचा जो प्रकार होतो, तो आपल्याकडच्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या गाडीत मी एकदाही पाहिलेला नाही. कार्ब्युरेटरमधील कचरा पाऊस पाहून येत नाही. एअर फिल्टरचा कागद भिजला असेल तर गाडी काळा धूर देईल आणि प्लग काजळतील. तेवढे एकदा पाहून घ्या आणि डावी बाजू सोडून द्या.

माझे मत असे आहे की आपल्या गाडीत एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत, आणि ते दोन्ही पावसातच दिसत असल्यामुळे आपण त्यांना एकच समजत आहात. गरनाळ्यात बंद पडणे हा पाण्याचा दोष आहे. सिग्नलला बंद पडण्याबद्दल मात्र मला दाट शंका आहे की तिथे पाण्याचा काही संबंधच नाही. पाऊस आला की आपण काय करतो, ते आठवून पाहा. वायपर लावतो, अंधारून आले म्हणून हेडलाइट लावतो, आणि गाड्यांच्या रांगेत ब्रेकवर पाय ठेवून उभे राहतो. कोरड्या दुपारी यांतले एखादेच चालू असते, पावसात सगळी एकदम चालू होतात.

आता हिशेब मांडू. 1967 च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीला अल्टरनेटर नव्हता. लुकास या ब्रिटिश कंपनीचा सी-40 डायनॅमो होता आणि तो पूर्ण वेगात फिरला तरी 22 अँपिअरच देतो. दोन्ही हेडलाइट मिळून सात-आठ अँपिअर, ब्रेकचे दिवे साडेतीन, बाकीचे छोटे दिवे दोन, वायपर तीनेक, इग्निशन तेवढेच, पेट्रोल पंपाचा थोडा, आणि वरून आपला नवा पंखा, जो एकटाच आठ-दहा खातो. बेरीज डायनॅमोच्या ताकदीपलीकडे जाते, आणि तीही गाडी पळत असताना. आयडलिंगला हा डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून तर उभ्या गाडीत इग्निशनचा लाल दिवा मिणमिणतो. तेव्हा सगळा भार बॅटरीवर येतो आणि कॉइलला मिळणारा दाब 12 व्होल्टवरून 11 वर, कधी 10 वर घसरतो. दोन व्होल्टचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण कॉइलमध्ये साठणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे 12 चे 10 झाले की स्पार्कची सुमारे 30 टक्के ताकद गेलेली असते.

ही शंका खरी की खोटी, हे ठरवायला पाऊस लागत नाही, उलट कोरडाच दिवस हवा. रात्री रहदारी कमी झाल्यावर गाडी चांगली तापवून घ्या, हेडलाइट, वायपर आणि पंखा सगळे चालू करा (काचेवर पाणी मारत राहा, कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका) आणि त्याच पुलाच्या चढावर जा, मग खाली येऊन ब्रेक दाबून पाच मिनिटे उभे राहा. या कोरड्या रस्त्यावर गाडी डगमगली तर पाणी निर्दोष आहे. पंखा बंद केल्याबरोबर सुधारली तर अपराधी हाती लागला.

त्यानंतर मल्टिमीटर घ्या. पॉइंट (डेल्कोच्या आतला, कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) मिटलेले असताना, इग्निशन चालू करून, कॉइलच्या फीडच्या टर्मिनलवर आणि थेट बॅटरीवर दाब मोजा. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असता कामा नये. लुकासच्या वायरिंगमध्ये हा फीड पांढऱ्या वायरने येतो आणि कॉइलकडून पॉइंटकडे जाणारी वायर पांढरी-काळी असते. फरक जास्त निघाला तर इग्निशन स्विच आणि गोळीच्या आकाराचे जोड एकेक करून तपासा. साठ वर्षांच्या जोडांवर हिरवा थर चढलेला असतो, आणि रंगकाम करताना बहुतेकदा तो तसाच ठेवून वर नवी टेप गुंडाळली जाते. सीटच्या मागे जमिनीखाली असलेल्या दोन सहा-व्होल्टच्या बॅटऱ्यांची अर्थिंगची केबल जिथे बॉडीला लागते, तो बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. नव्या रंगावर आवळलेला बोल्ट हे अर्थिंग नव्हे, केवळ शोभा आहे.

अर्थिंग बदलल्याचा उल्लेख आपण सहज केला आहे, पण मला तो या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पार्कला प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकापासून बाहेरच्या थंड टोकाकडे जाणे सोपे असते, म्हणून मधले टोक नेहमी ऋण असावे लागते. बॅटरी उलटवली आणि कॉइलच्या दोन वायरी तशाच राहिल्या, तर स्पार्क उलट दिशेने जाऊ लागतो आणि त्यासाठी बराच जास्त दाब लागतो. कोरड्या हवेत कॉइल तेवढा दाब देऊन जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या लुकास कॉइलवर अधिक-उणे लिहिलेले नसते, ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असतात आणि ती पॉझिटिव्ह अर्थिंगला धरून लिहिलेली असतात. निगेटिव्ह अर्थिंग केल्यावर स्विचकडून येणारी पांढरी वायर ‘सीबी’वर आणि डेल्कोकडे जाणारी वायर ‘एसडब्ल्यू’वर लावावी लागते. आपली कॉइल नवीन आहे, म्हणजे तिच्यावर अधिक-उणे असणार. तेव्हा पांढरी वायर अधिकवर आहे ना, एवढेच पाहा. मिस्त्रींनी जुन्या कॉइलवरून वायरी जशाच्या तशा उतरवून लावल्या असतील तर त्या उलट असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच वेळी कॉइलच्या दोन लहान टर्मिनलांमधला रोध मोजून ठेवा. या गाडीला लागणाऱ्या साध्या 12 व्होल्टच्या कॉइलचा तो तीन-साडेतीन ओहमच्या घरात येतो, आणि दीड ओहमच्या आसपास निघाला तर ती बॅलास्ट रेझिस्टरवर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या वेगळ्या रोधावर) चालणारी, दुसऱ्याच गाडीची कॉइल आहे.

आता पाण्याकडे वळू. बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) हे बी-सिरीज इंजिन आपल्याला नवे नाही. अँबेसेडरला वर्षानुवर्षे याच घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन होते, आपल्या गाडीत 1798 सीसीचे आहे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तीच, 1-3-4-2, आणि डेल्को, प्लग व त्यांच्या वायरी उजव्या अंगाला. मी उमेदवारी केली ती अँबेसेडरवरच, आणि पाण्यात उतरलेल्या टॅक्सीचा डेल्को फडक्याने पुसून ती चालू करून देणे हा तेव्हा आमचा पावसाळी धंदा होता. फरक इतकाच की एमजीबी बसकी आहे. रेडिएटरच्या जाळीतून आत आलेले पाणी पट्ट्यावरचा पंखा फेकतो आणि त्याचा फवारा थेट इंजिनाच्या उजव्या अंगावर बसतो. आपल्याकडे आता इलेक्ट्रिक पंखा आहेच. तो ठेवायचा की मूळचा, हे एकदा ठरवून टाका, कारण सध्या एक पाणी उडवतो आहे आणि दुसरा वीज खातो आहे.

पाण्याचे काम कसे चालते ते थोडे सांगतो, म्हणजे पुढची चाचणी का करायची ते कळेल. 12 व्होल्टपासून कॉइल पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार करते, आणि तो दाब नेहमी सर्वांत सोपी वाट शोधतो. प्लगच्या फटीतून उडी मारायला सिलिंडरमधल्या हवेच्या दाबानुसार कमी-अधिक व्होल्टेज लागते. आयडलिंगला थोडे पुरते, चढावर पाय दाबला की बरेच जास्त लागते. झाकणावर किंवा वायरीवर ओल, धूळ आणि तेलकटपणा यांचा थर असला आणि त्यावरून अर्थिंगपर्यंत जाणे फटीतून जाण्यापेक्षा सोपे पडले, तर स्पार्क तिकडून निसटतो. म्हणूनच अशी गाडी घराच्या दारात उत्तम चालते आणि पुलावर धक्के देते. म्हणूनच प्लगची फट 0.025 इंच, म्हणजे 0.64 मिलिमीटरच ठेवायची. आजच्या गाड्यांसाठी मोठ्या फटीवर बसवून आलेले प्लग डबीतून काढून तसेच लावू नयेत.

आपण झाकण नवीन टाकले आहे म्हणून ते चांगले आहे, असे धरून चालू नका. काही वर्षांपूर्वी श्रावणात माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आली होती, जी फक्त सकाळी, तीही झड लागलेली असताना, एका सिलिंडरवर अडायची. झाकण नवे होते, पुसले की गाडी चाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तीन दिवस पेट्रोलच्या मागे लागलो, पंप बदलला, आणि मालकाला नको तो खर्च करायला लावला. चौथ्या दिवशी सहज झाकण उलटे धरून, घड्याळजी वापरतात त्या भिंगातून उन्हात पाहिले, तर एका पितळी खुंटीपासून शेजारच्या खुंटीपर्यंत केसाएवढी काळी रेघ गेलेली होती, जणू कोणी टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी. बोटाला ती लागत नव्हती आणि फडक्याने पुसली जात नव्हती. आदल्या पावसात आत धरलेल्या ओलीवरून एकदा स्पार्क गेला होता आणि जाताना त्याने प्लास्टिक जाळून कोळशाची वाट करून ठेवली होती. कोळसा वीज वाहून नेतो, त्यामुळे ती वाट वाळल्यावरही राहते आणि थोडी ओल मिळाली की लगेच उघडते. असे झाकण खरवडून दुरुस्त होत नाही, ते फेकायचेच असते. तेव्हा आपले झाकण नवीन असले तरी गरनाळ्याच्या प्रसंगानंतर ते भिंगातून पाहणे आवश्यक आहे, आतून आणि बाहेरून, आणि मधला कार्बनचा खिळा स्प्रिंगवर मोकळा हलतो का, तेही.

वायरींबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही, आणि मला वाटते तिथेच खरी गोम असावी. या डेल्कोच्या झाकणात वायरी बाजूने शिरतात आणि आतून टोकदार स्क्रू त्यांना भोसकून धरतो. ही रचना तांब्याच्या तारेसाठी आहे. बाजारात आज सहज मिळणाऱ्या वायरींच्या पोटात कार्बनचा धागा असतो. स्क्रू त्याला नीट लागत नाही, मधे बारीक फट राहते, तिथे आतल्या आत स्पार्क उडत राहतो आणि जागा जळत जाते. अशा वायरी निघाल्या तर तांब्याच्या तारेच्या घ्या, त्या कापून बरोबर लांबीच्या करा आणि प्रत्येक टोकाला रबरी टोपी घाला. झाकणात शिरण्याच्या जागी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. साधे ग्रीस नको.

पाण्याची चाचणी रात्री, अंधारात करायची. आधी पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री करा, गाडी मोकळ्या हवेत लावा, अंगठी आणि घड्याळ काढा, बाह्या वर करा, आणि कोणी पेसमेकर लावलेले असेल तर त्यांना बॉनेटपाशी येऊ देऊ नका. इंजिन आयडलिंगला ठेवून, कपड्यांना इस्त्री करताना वापरतात तसल्या बाटलीने बारीक तुषार मारायचे, पण सगळीकडे एकदम नाही. प्रथम चार प्लगांच्या टोप्या, एकेक. एक मिनिट थांबा, ऐका, पाहा. मग वायरींचा मधला भाग, विशेषतः जिथे त्या एकमेकींना किंवा इंजिनाला टेकतात तिथे. मग डेल्कोचे झाकण, आणि शेवटी कॉइलचे तोंड. प्रत्येक टप्प्यानंतर पुसून कोरडे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार नाही. दोष असेल तिथे निळसर बारीक ठिणगी सरपटताना दिसेल आणि ‘टिक टिक’ असा कोरडा आवाज येईल. त्याच क्षणी इंजिनाचा ताल मोडेल. हात लावून तपासू नका. जीव जात नाही, पण माणूस दचकून हात मागे घेतो आणि तो पंख्यात जातो.

यात काही दिसले नाही तर रोटर, म्हणजे झाकणाखाली फिरून एकेका वायरीला स्पार्क देणारा तुकडा, पाहा. झाकण काढा, कॉइलची मधली जाड वायर इन्सुलेटेड पक्कडीत धरून तिचे टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटरवर ठेवा, इग्निशन चालू करून मिटलेले पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने उघडा. स्पार्क वारंवार रोटरवर उडी मारत असेल तर रोटर आतून फुटलेला आहे आणि वीज शाफ्टमध्ये जाते आहे, कारण चांगल्या रोटरपासून पुढे जायला जागाच नसते. पट्टी रिव्हेटने ठोकलेले स्वस्त रोटर असे बऱ्याचदा फुटतात. रिव्हेट नसलेला लाल रोटर मिळतो, तो घ्या. हात लागलाच आहे तर पॉइंटची फट 0.014 ते 0.016 इंच आहे का, तेही पाहून घ्यावे.

पेट्रोलची बाजू थोडक्यात. एमजीबीची टाकी डिकीच्या जमिनीखाली असते, तिच्या माथ्यावर चिखल साठून पत्रा वरून सडतो आणि पावसाचे पाणी आत झिरपते. आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन थर पडतात आणि खालचा थर प्रथम पंपाकडे जातो. पण अशी गाडी पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात आपोआप बरी होत नाही, म्हणून आपल्या बाबतीत मी याला मागे ठेवतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतले) पेट्रोल काचेच्या पेल्यात घेऊन दहा मिनिटे उजेडात ठेवा, थर दिसला तर दिसला. मागच्या चाकाजवळ गाडीच्या पोटाखाली असलेल्या एसयू पंपाचे टर्मिनल आणि अर्थिंगही उडालेल्या पाण्याने खराब होतात; इंजिन बंद पडल्यावर इग्निशन पुन्हा चालू केले की त्याची टकटक ऐकू येते का, तेवढे लक्षात ठेवा.

गरनाळ्यातून निघाल्यावर फवारे मारायला लोक डब्ल्यूडी-40 घेऊन धावतात. पाणी हटवण्यासाठीच ते तयार झाले आहे आणि रस्त्यात अडकल्यावर ते जरूर वापरावे, पण झाकणाच्या आत मारले तर पूर्ण उडून गेल्याशिवाय सेल्फ मारू नये. आत साचलेली वाफ पेटून झाकण उडाल्याचे मी पाहिले आहे. पावसाळाभर रोज मारायचे ते औषध नाही, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या ठिणगीला आयती वाट मिळते.

एक निरीक्षण मात्र आपणच करू शकाल, गॅरेजमध्ये ते होणार नाही. आपल्या गाडीचा आरपीएम दाखवणारा मीटर इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो कॉइलच्या पांढऱ्या वायरीतील प्रवाहावर चालतो. (अर्थिंग बदलल्यावर तो आतून बदलून घ्यावा लागतो, तो चालू असेल तर कोणीतरी ते काम नीट केले आहे.) पुढच्या वेळी गाडी अडखळली की गियर न काढता त्या सुईकडे पाहा. गाडी पळत असूनही सुई एकदम शून्याकडे पडत असेल किंवा थरथरत असेल, तर दोष कॉइलच्या आधी आहे: स्विच, पांढरी वायर, जोड, पॉइंट. सुई स्थिर राहून गाडी धक्के देत असेल तर दोष कॉइलच्या पुढे आहे, म्हणजे वायरी, झाकण, रोटर. आणि सुई स्थिर आहे, धक्का नाही, नुसतीच ताकद ओसरत जाते आहे, आणि चोक थोडा ओढल्यावर क्षणभर बरे वाटते, तर पेट्रोल पोचत नाही. कोरड्या रात्रीच्या भाराच्या चाचणीत काय झाले, कॉइलवर किती व्होल्ट मिळाले, वायरी कोणत्या निघाल्या आणि सुई कशी वागली, एवढे चार तपशील कळवावेत. नवा भाग विकत घेण्याआधी कळवावेत.